विणकर : धंदा, जात आणि आडनाव

कापड विणणाऱ्यासाठी मराठीत एकच एक शब्द नाही. साळी, कोष्टी, पद्मसाळी, देवांग, मोमीन, विणकर असे कितीतरी शब्द प्रचारात आहेत. या सर्वांचा संबंध मागाशी असला तरी त्यांचे अर्थ भिन्न आहेत. शाळेच्या नोंदवहीत किंवा ग्रामपंचायतीच्या दाखल्यात यांपैकी कोणता शब्द कोणत्या रकान्यात लिहिला गेला, यावर पुढे एखाद्या कुटुंबाच्या सवलती अवलंबून राहतात. म्हणून या शब्दांचा नेमका अर्थ जाणून घेणे उपयुक्त ठरेल.

शब्दांची वाटचाल

संस्कृतातील 'तंतुवाय' या शब्दाचे अमरकोशात दोन अर्थ आढळतात. एक कापड विणणारा आणि दुसरा जाळे विणणारा कोळी. येथे शब्द केवळ कृती सांगतो. पुढे धंदा वंशपरंपरेने चालू लागला आणि धंद्याचे नाव समाजाचे नाव झाले. स्वकुळ साळी समाज भगवान जिव्हेश्वरांना, देवांग कोष्टी समाज चौंडेश्वरी देवीला, तर सोलापूरचा तेलुगू भाषक पद्मसाळी समाज मार्कंडेय ऋषींना आराध्य मानतो. 'मोमीन' या शब्दाचा मूळ अरबी अर्थ श्रद्धावान असा आहे; मालेगाव, भिवंडीकडे तो विणकर समाजाचे नाव बनला. 'साळी' आणि 'कोष्टी' ही आडनावेही आहेत; ती धारण करणारा आज शिक्षक असेल किंवा अभियंता.

धंदा आणि जात

उलटपक्षी, मागावर बसणारा प्रत्येकजण विणकर जातीचा असतोच असे नाही. मुंबईच्या कापड गिरण्यांत कोकणातून व घाटावरून आलेले अनेक शेतकरी विणकाम करू लागले. मात्र तेथेही जात आड आली. तुटलेला धागा धोट्यातून तोंडाने ओढावा लागे. या सबबीखाली अस्पृश्य कामगारांना विणाई खात्यात प्रवेश नाकारला जाई. १९२८ च्या संपाच्या वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न मांडला होता.

'विणकर' या शब्दामागे आणखी काही हात दडलेले असतात. धागा रंगविणे, कांड्या भरणे, ताणा लावणे, खळ देणे ही कामे झाल्याविना माग चालत नाही. २०१९-२० च्या चौथ्या अखिल भारतीय हातमाग गणनेत सुमारे ३५ लाख २२ हजार कामगारांची नोंद झाली. त्यांत सुमारे ८ लाख ४८ हजार अशी पूरक कामे करणारे होते. एकूण कामगारांत स्त्रियांचे प्रमाण ७० टक्क्यांहून अधिक होते. घरातील पुरुषाचेच नाव 'विणकर' म्हणून लिहिले, तर कांड्या भरणारी त्याची पत्नी नोंदीबाहेर राहते.

एका शब्दाचे मोल

विदर्भातील 'हलबा-कोष्टी' हे शब्दभेदाचे बोलके उदाहरण आहे. 'हलबा' ही अनुसूचित जमातींच्या यादीतील नोंद आहे, तर 'कोष्टी' हा विणकर समाज आहे. हलबा-कोष्टींचा समावेश 'हलबा' या नोंदीत होतो काय, हा वाद अनेक वर्षे चालला. २८ नोव्हेंबर २००० रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने निर्णय दिला की, राष्ट्रपतींच्या आदेशातील यादी जशी आहे तशीच वाचली पाहिजे. पुरावे घेऊन तिचा अर्थ विस्तारता येणार नाही. तोवर अंतिम झालेले प्रवेश व नेमणुका न्यायालयाने अबाधित ठेवल्या. कोष्टी व हलबा-कोष्टी यांचा समावेश राज्याच्या विशेष मागास प्रवर्गात आहे.

नोंद करताना

जातीच्या रकान्यात जात आणि व्यवसायाच्या रकान्यात व्यवसाय लिहावा. जातीच्या जागी नुसते 'विणकर' लिहिल्यास त्यातून जात निश्चित होत नाही. आडनावावरून जातीचा तर्क करू नये. पालकांकडील पूर्वीचे दाखले पाहावेत. पोटजातीचे नाव मूळ दाखल्यात असेल तसेच उतरावे. जात पडताळणीच्या वेळी जुन्या शालेय नोंदींना मोठे महत्त्व असते आणि घाईने लिहिलेला एक शब्द दुरुस्त करून घेण्यासाठी पुढच्या पिढीला कचेऱ्यांचे उंबरठे झिजवावे लागतात.

ताण्यातील एक धागा चुकला, तर त्याचा दोष कापडभर उमटतो, हे विणकर जाणतो. नोंदवहीतील शब्दाबाबतही तेवढीच दक्षता हवी.