वायसर आणि आठवड्याचं पाणी

गळक्या नळाचा आवाज रात्रीच ऐकू येतो. दिवसभर तो भांड्यांच्या आवाजात बुडालेला असतो. आमच्या खानदेशात मात्र त्याकडे कानाडोळा करणं परवडत नाही. जळगावला पाणी येतं वाघूर धरणातून. धुळ्याला तापी योजनेतून आणि नकाणे, डेडरगाव तलावांतून. एक दिवसाआड, दोन दिवसांआड पाणी जळगावकरांच्या अंगवळणी पडलं. धुळेकरांनी तर आठ-आठ दिवस वाट पाहिली आहे. पाण्याची पाळी रात्री दोनची असली तर उठून मोटार लावते ती बहुधा घरातली बाईच. तिनं जागून भरलेलं पाणी टाकीतून उतरून सिंकमधून गटारीत जातं.

किती जातं? नळाखाली पेला ठेवा. २०० मिलीलिटरचा पेला तासाभरात भरला, तर दिवसाचे जवळजवळ ५ लिटर झाले. महिन्याला १४४ लिटर, म्हणजे १५ लिटरचे नऊ-दहा हंडे!

आता हा नळ गळतो का, ते पाहू. पिळून बंद करायचा जो साधा पितळी नळ आपण वापरतो, तो १८४५च्या सुमारास इंग्लंडमधल्या रॉदरहॅम गावी प्रचारात आला. आत एक दांडी असते. मूठ फिरवली की ती आट्यांवरून खाली उतरते आणि टोकाची रबरी चकती पाण्याच्या भोकावर दाबून बसते. या चकतीला आपण वायसर म्हणतो. रबर झिजलं, कडक झालं किंवा त्यात वाळूचा कण रुतला, की फटीतून थेंब निघतो. मग आपण मूठ आणखी जोरानं पिळतो. त्यानं रबर अधिकच कापलं जातं, आणि घरातल्या लेकरांना व म्हाताऱ्यांना नळ बंदच करता येत नाही.

धुळ्यातल्या एका प्लंबरनं मला एका वाक्यात शहाणं केलं होतं : "नळ चांगला शे, वायसर गया." काही रुपयांच्या वायसरसाठी अख्खा नळ फेकायचं कारण नाही.

काम असं करावं. आधी टाकीचा कॉक बंद करा आणि नळ उघडून पाइपातलं पाणी जाऊ द्या. सिंकच्या भोकावर फडकं टाका, नाहीतर स्क्रू हमखास तिथूनच जातो. मूठ काढा. खालच्या षट्कोनी भागाला कापड गुंडाळून पाना लावा आणि डावीकडे फिरवा. दुसऱ्या हातानं नळ घट्ट धरा, म्हणजे भिंतीतल्या पाइपाला पीळ बसणार नाही. जुना वायसर दुकानात घेऊन जा, त्याच मापाचा आणा. बसवण्यापूर्वी आतल्या भोकाच्या कडेवरून बोट फिरवा. ती खडबडीत असेल, तर नवा वायसरही लवकर कापला जाईल. तेव्हा मात्र नळ बदलणंच बरं.

थेंब कुठून येतो, हेही पाहावं. तोटीतून आला तर वायसर. मुठीखालून आला तर दांडीभोवतीचा दोरा किंवा रबरी रिंग. भिंतीजवळून आला तर आट्या. नळ काढून आट्या साफ कराव्यात आणि नळ ज्या दिशेनं आवळतो त्याच दिशेनं टेफ्लॉन टेप गुंडाळावी. उलटी गुंडाळली तर आवळताना ती सुटते. पाइप जुना, गंजलेला लोखंडी असेल, तर प्लंबरलाच बोलवा. आटी भिंतीत तुटली तर काम वाढतं.

पाव फेऱ्यात बंद होणाऱ्या नव्या नळांत वायसर नसतो. सिरॅमिकच्या दोन चकत्या एकमेकींवर सरकतात. त्यांना पिळायचं नसतं. गळू लागले तर आतली पूर्ण कार्ट्रिज बदलावी लागते. बोअरच्या क्षारांनी तोटीची जाळी बुजली, तर ती व्हिनेगरमध्ये भिजवून घासावी.

आमच्याकडे वजूसाठी तोटीचा बधना असायचा. तेवढ्याच पाण्यात वजू करायची शिस्त होती. पांझरेकाठच्या फड पद्धतीत तर शेतकरी शतकानुशतकं बंधाऱ्याचं पाणी ठरलेल्या पाळीनं घेत आले, आणि पाटांची साफसफाई, डागडुजीही त्यांनीच सांभाळली. ज्याचं पीक, त्याचीच पाटावर नजर.

शहरात आपण पाणीपट्टी भरतो आणि बाकीचं पालिकेवर सोडतो. धरण, जलवाहिनी, पाण्याच्या पाळ्या यांबद्दल पालिकेला जाब विचारायलाच हवा. पण टाकीपासून तोटीपर्यंतचा पाट आपला आहे. पाणी आल्यावर गल्लीतला बिनतोटीचा नळ गटारीत वाहत असेल, तर तोही आपलाच. घरात एक पाना, टेपचं एक रीळ आणि दोन वायसर ठेवा. आणि हे काम घरातल्या मुलांनाही शिकवा, मुलींनाही.