मोरीतला गुंता

मुरबाड तालुक्यातल्या धसई पट्ट्यातली घरं बदलली आहेत. उघड्या मोरीच्या जागी फरशीचं न्हाणीघर आलं. मोरीत काय अडकलंय ते पूर्वी दिसायचं; आता पाणी पायाशी साचलं की मगच कळतं. शॉवर असो की बादली-तांब्या, न्हाणीघर तुंबतं ते बहुतेक वेळा केसांमुळेच.

माणसाचे रोज साधारण 50 ते 100 केस गळतात. केस केराटिन या प्रथिनाचा असतो. त्यातल्या गंधकाच्या मजबूत बंधांमुळे तो पाण्यात विरघळत नाही आणि लवकर कुजतही नाही. पण नुसत्या केसांतून पाणी वाट काढतं. वाट बुजवतो तो साबणाचा साका. धसईचा हा पट्टा काळ्या बेसाल्टचा. खडकातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम विहिरी-बोअरच्या पाण्यात उतरलं की पाणी दुष्फेन होतं, म्हणजे साबणाला फेस येत नाही. साबणातली मेदाम्लं कॅल्शियमशी जोडली जाऊन न विरघळणारा पांढरा, चिकट साका बनतो आणि तो केसांच्या जाळ्यात बसतो. वर डोक्याचं खोबरेल. ते सुमारे 24 अंशांखाली गोठतं, त्यामुळे थंडीत ही गाठ आणखी घट्ट होते.

गाठ सहसा जाळीच्या खालीच, नहाणी ट्रॅप या फरशीखालच्या भांड्यात असते. तिथली वाटी उचलून पाहा: करड्या, बुळबुळीत दोऱ्यांचा गोळा हाती येतो. ट्रॅपमध्ये मुद्दाम थोडं पाणी साठून राहतं, आणि तेच गटारातला वास आणि झुरळं अडवतं. सारखी तुंबते म्हणून ती वाटी कायमची काढून टाकणारी घरं कमी नाहीत. तसं कधीही करू नये; वाटी नसली की पाण्याचा हा अडसर राहत नाही. घर महिनाभर बंद राहिलं तर हे पाणी आटतं आणि वास येतो. तांब्याभर पाणी ओतलं की काम होतं.

गोळा खोल गेला असेल तर टोक वाकवलेली तार घालून तो वर ओढावा. ढकलला तर पुढच्या वळणावर बसतो. रबरी पंप वापरताना बेसिनचं भोक ओल्या फडक्याने बंद करावं, नाहीतर सगळा दाब तिकडून निसटतो. नंतर गरम पाणी ओतावं, पण उकळतं नको. पीव्हीसीचा पाइप त्याने मऊ पडतो. खाण्याचा सोडा आणि व्हिनेगर एकत्र फसफसतात खरे, पण ते एकमेकांनाच निष्प्रभ करतात. केस तसाच राहतो.

ॲसिड तर ओतूच नका. त्याने केस विरघळत नाहीत, सिमेंटचे सांधे मात्र खाल्ले जातात. आधी ब्लीचिंग पावडर टाकली असेल तर क्लोरीन हा विषारी वायू निघतो, आणि बंद न्हाणीघरात तो जिवावर बेततो. कॉस्टिक सोडा केस झिजवतो, पण पाण्यात पडताच तापतो, उडाला तर डोळे जातात. शिवाय तुंबलेल्या पाण्यात तो ओतून ठेवला, तर पुढे हात घालणाऱ्या प्लंबरचा हात भाजतो.

पावसाळ्यात आणखी एक गोष्ट तपासावी. न्हाणीघराबरोबर भांडी घासायची मोरीही तुंबली, तर दोष बहुधा बाहेरच्या शोषखड्ड्यात असतो. जुलै-ऑगस्टमध्ये जमीन पाण्याने भरलेली असते, खाली कातळ लागला असेल तर पाणी मुरायला जागाच उरत नाही. साबण आणि तेलाचा थरही मातीची छिद्रं बुजवतो. नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णीने घरोघरी शोषखड्डे करून उघडी गटारं बंद केली. त्या पद्धतीच्या खड्ड्यात मधोमध भोकं पाडलेली टाकी आणि भोवती दगड असतात. गाळ टाकीतच बसतो आणि उपसता येतो.

केस विंचरून मगच डोक्यावरून पाणी घ्या, जाळीवरचे केस रोज उचलून कचऱ्यात टाका, आठवड्याला वाटी धुवा. घरात एवढं पाळलं, तर ॲसिडची बाटली विकत आणायची वेळ येणार नाही.