परवान्यावाचून प्रक्षेपण

श्रीमंत सयाजीराव गायकवाड यांनी आपल्या राज्यकारभाराच्या पंचविशीनिमित्त १९०६ साली जी भव्य वास्तू उभारून नगरपालिकेच्या स्वाधीन केली आणि जिला दत्तकविधानाने आपले पिता झालेल्या खंडेराव महाराजांचे नाव दिले, त्या बडोद्याच्या खंडेराव मार्केटात आज पुढल्या अंगास महानगरपालिकेची कचेरी आहे आणि पिछाडीस भाजी, फळे व फुले यांचा बाजार. अर्ज आणि शिक्का यांवाचून जेथे कागद पुढे सरकत नाही, त्या दफ्तराच्या पाठीमागे कोणाच्याही मंजुरीची वाट न पाहता पहाटेपासून चाललेले हे मुक्त संभाषण ज्यास ध्वनिमुद्रित करून जगापुढे ठेवावेसे वाटेल, त्या नवशिक्या पॉडकास्टकारासाठी हा लेखनप्रपंच आहे.

आपल्याकडे ध्वनीच्या प्रसारावर सरकारची नजर फार जुनी. घरात रेडिओ बाळगून नुसते ऐकावयाचे, तरी एकेकाळी टपाल खात्याचा परवाना काढावा लागे. मग बोलण्याची गोष्ट तर दूरच. स्वातंत्र्य आले त्या वेळी आकाशवाणीची सहा केंद्रे हिंदुस्थानात उरली आणि संस्थानांची स्वतःची पाच होती: म्हैसूर, त्रिवेंद्रम, हैदराबाद, औरंगाबाद आणि आपले बडोदे. रेडिओलहरी ही सार्वजनिक मालमत्ता होय, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये दिला, तरीही सामुदायिक रेडिओचा परवाना आजही संस्थेसच मिळतो, एकट्या माणसास नाही. पॉडकास्ट रेडिओलहरींवर स्वार होत नसून आंतरजालावर ठेवलेल्या फाईलीच्या रूपाने श्रोत्याकडे जातो, म्हणून त्यास ही सनद लागत नाही. अब्रुनुकसानीचा आणि स्वामित्वहक्काचा कायदा मात्र येथेही लागू आहे, हे आवडते चित्रपटगीत शीर्षकसंगीत म्हणून वापरण्यापूर्वी ध्यानात घ्यावे.

विषय कोणता घ्यावा? नवशिके बहुधा एखाद्या नामांकित पाहुण्यास बोलावून त्याची दोन तास मुलाखत घेतात. ‘मित्रम्हणे’ वा ‘अमुक तमुक’ या मराठी पॉडकास्टांच्या श्रोतृवृंदावर दृष्टी ठेवून केलेला हा खटाटोप मला व्यर्थ वाटतो. १९०९, १९२१, १९३४ आणि २०१८ अशी चार साहित्यसंमेलने ज्या नगरीत भरली, तेथील मराठी माणूस घरात सासूबाईंशी एका भाषेत आणि भाजीवाल्याशी दुसऱ्या भाषेत बोलतो, आणि या दोहोंच्या सीमेवरची त्याची जी बोली आहे ती छापील पुस्तकात क्वचितच उतरते. ती कानांनीच टिपावी लागते. तेव्हा पहिले सहा भाग बाजारावरच करावेत: फुलांचा भाव सणासुदीस कसा चढतो, माल कोठून येतो, गाळा पिढ्यान्‌पिढ्या एकाच घराण्याकडे कसा राहतो. जो बोलेल त्याची संमती मुद्रणाच्या आरंभीच त्याच्या तोंडून नोंदवावी. पुढे तंटा उरत नाही.

मुद्रणासाठी मोबाईल पुरेसा आहे, परंतु ज्याच्या आवाजासाठी आपण आलो त्याच्या तोंडापासून तो फार दूर धरला, तर तराजू, हॉर्न आणि ‘ताजी छे, ताजी’ ही आरोळी, हे सर्व त्या माणसावर मात करतात. म्हणून कॉलरला लावावयाचा तारेचा मायक्रोफोन वापरावा, आणि तो नसेल तर मोबाईल तोंडापासून एक वीत अंतरावर, किंचित बाजूस धरावा, म्हणजे ‘प’ व ‘फ’ यांचा फुत्कार थेट मायक्रोफोनच्या पडद्यावर आदळत नाही. बाजाराचा गलबला निराळा, दोन-तीन मिनिटे, कोणी न बोलता टिपून आणावा. संकलनात तोच संवादाखाली मंद ठेवता येतो. निवेदन मात्र घरी वाचावे, आणि तेही दिवाणखान्यात नव्हे, कारण उघड्या भिंतींवरून आवाज परत येतो. कपड्यांनी भरलेले कपाट उघडे ठेवून, खिडकीस गोधडी लावून बसले, की कित्येक भाडोत्री स्टुडिओंहून बरे काम होते. आरंभी अर्धे मिनिट निःशब्दता मुद्रित केली, तर पंख्याची घरघर काढण्यास संगणकाला नमुना मिळतो.

पुढचे काम शांतपणे करावयाचे. ‘ऑडॅसिटी’ ही विनामूल्य संकलनप्रणाली पुरते. एका तासाचे एकमार्गी असंकुचित मुद्रण सुमारे ३०० एमबी जागा अडविते, तेच ६४ केबीपीएसच्या एमपीथ्रीत सुमारे २९ एमबीवर येते. मूळ प्रत मात्र जपून ठेवावी. ध्वनीची सर्वसाधारण पातळी उणे १६ एलयूएफएसच्या (हे आवाजाच्या मोठेपणाचे एकक) आसपास असावी, म्हणजे बसमधल्या श्रोत्यास आवाज वारंवार वाढवावा लागत नाही. चौरस मुखपृष्ठ १४०० ते ३००० पिक्सेलचे लागते.

ध्वनिफाईल यजमान (होस्टिंग) सेवेवर चढविली, की ती सेवा आरएसएस नावाची यादी तयार करते, आणि त्या यादीचा पत्ता ॲपल, स्पॉटिफाय इत्यादींस एकदा कळविला की पुढचे भाग आपोआप तेथे पोचतात. जून २००५ मध्ये आयट्यून्सने पॉडकास्टांस जागा दिल्यापासून हीच रीत आहे. या पत्त्यावरचा ताबा सोडू नये. ‘गूगल पॉडकास्ट्स’ २०२४ मध्ये बंद पडले, तेव्हा ज्यांची यादी स्वतःच्या हाती होती त्यांचे भाग इतर ॲपांवर अबाधित राहिले.

भाग प्रसिद्ध होताच त्याचा दुवा व्हॉट्सॲपवरून प्रथम त्यात बोललेल्या विक्रेत्यांकडे पाठवावा. नावाचा उच्चार चुकला असेल वा एखादा भाव उलटसुलट झाला असेल, तर ते तत्काळ सांगतील, आणि सुधारलेली फाईल त्याच भागाच्या जागी चढविण्याची सोय बहुतेक यजमान सेवांत असते.