व्हेरिएबल व्हॉल्व्ह टायमिंग इंजिनांतील कॅमशाफ्ट-बदल

व्हेरिएबल व्हॉल्व्ह टायमिंग (संक्षेपाने व्हीव्हीटी) म्हणजे इंजिन चालू असताना झडपांच्या उघडमिटीची वेळ बदलणारी व्यवस्था. अशा इंजिनातील मूळ कॅमशाफ्ट काढून अधिक शक्तीसाठी घडवलेला, अन्य उत्पादकाचा कॅमशाफ्ट बसवणे हा मोटारींच्या हौशी सुधारणांमधील एक प्रचलित प्रकार आहे. जुन्या इंजिनांत हे काम तुलनेने सरळ होते. व्हीव्हीटी इंजिनात कॅमशाफ्ट एका जागी स्थिर राहत नसल्याने तो बसवताना घेतलेले एकच माप पुरेसे ठरत नाही, आणि बहुतेक अपघाती नुकसान याच कारणाने होते.

कॅमशाफ्ट आणि झडपांची वेळ

फोर-स्ट्रोक इंजिनात क्रँकशाफ्टचे दोन फेरे होतात तेव्हा कॅमशाफ्टचा एक फेरा होतो. कॅमशाफ्टवरील उंचवट्यांना लोब म्हणतात. झडप केव्हा उघडेल, किती उचलली जाईल (लिफ्ट) आणि किती काळ उघडी राहील (ड्युरेशन) हे लोबच्या आकारावरून ठरते. निष्कास धावेच्या अखेरीस दट्ट्या वरच्या टोकाशी येतो, त्या वेळी निष्कास झडप पुरती मिटलेली नसते आणि चूषण झडप उघडू लागलेली असते. या सामाईक अवधीस ओव्हरलॅप म्हणतात. वेगाने फिरणाऱ्या इंजिनाला तो उपकारक असतो, कारण बाहेर धावणारा धूर ताज्या मिश्रणाला आत ओढतो. मंद गतीत मात्र जळालेला वायू उलट चूषणमार्गात शिरतो, इंजिन थरथरते आणि तेथील निर्वात कमी होतो. ब्रेकला साहाय्य करणारा बूस्टर याच निर्वातावर चालत असल्याने ब्रेकचे पेडलही जड लागू शकते.

स्थिर कॅमशाफ्ट ही म्हणूनच नेहमी तडजोड असते. ती सैल करण्यासाठी व्हीव्हीटी आली. अल्फा रोमिओने १९८० मध्ये स्पायडर या मोटारीत अशी व्यवस्था दिली. बीएमडब्ल्यूची व्हॅनॉस १९९२ मध्ये आली. त्यांत फेझर नावाचा भाग कॅमशाफ्टला त्याच्या दातेरी चक्राच्या तुलनेत काही अंश पुढे किंवा मागे फिरवतो. आजचे बहुतेक फेझर इंजिन ऑइलच्या दाबावर चालतात. होंडाची व्हीटेक (१९८९) वेगळ्या तत्त्वावर आहे: ती वेळ सरकवत नाही, तर ठराविक वेगानंतर झडपांना दुसऱ्या, मोठ्या लोबवर सोपवते. भारतीय वाचकांच्या परिचयाच्या यामाहा आर१५ मोटारसायकलीतील व्हीव्हीए याच कुळातील आहे. दोन्ही प्रकारांना सरसकट व्हीव्हीटी म्हटले जाते, पण कॅमशाफ्ट बदलताना दोहोंतील धोके वेगळे असतात. व्हीटेकमध्ये मोठा लोब बसवल्यास मुख्यतः लोब बदलण्याचा वेग नव्याने ठरवावा लागतो. खरी अडचण फेझरची आहे.

दट्ट्या आणि झडप यांतील अंतर

ओव्हरलॅपच्या वेळी दट्ट्या वरच्या टोकाशी असतो आणि झडपा त्याच्या दिशेने खाली आलेल्या असतात. चूषण कॅमशाफ्ट पुढे सरकवला की चूषण झडप त्या क्षणी अधिक उघडी असते. निष्कास कॅमशाफ्ट मागे सरकवला की निष्कास झडप. दोन्ही वेळा अंतर घटते. मूळ कॅमशाफ्टसाठी उत्पादकाने फेझरच्या संपूर्ण हालचालीचा हिशेब केलेला असतो. अधिक लिफ्ट व ड्युरेशनचा कॅमशाफ्ट बसवला की तो हिशेब मोडतो.

मापाचा एक घोटाळा येथे वारंवार होतो. फेझर २५ अंश फिरला, हे माप कॅमशाफ्टचे असेल तर क्रँकशाफ्टच्या हिशेबाने ते ५० अंश होते. माहितीपत्रकात कोणते अंश दिले आहेत हे न पाहता केलेली आकडेमोड निम्म्याने चुकते.

इंजिन बांधणाऱ्यांमध्ये चूषण झडपेसाठी सुमारे २ मिलिमीटर आणि निष्कास झडपेसाठी सुमारे २.५ मिलिमीटर अंतर किमान मानण्याचा प्रघात आहे. ते दट्ट्यावर मऊ माती ठेवून किंवा हलक्या स्प्रिंगा बसवून डायल गेजने मोजतात. व्हीव्हीटी इंजिनात ही मोजणी फेझरच्या दोन्ही टोकांना करणे आवश्यक असते. क्रँकशाफ्टच्या मिनिटाला ६,००० फेऱ्यांवर प्रत्येक झडप सेकंदाला ५० वेळा उघडते. त्या गतीत दट्ट्याशी झालेली टक्कर झडप वाकवते, प्रसंगी दट्ट्याच फोडते.

फेझरची हालचाल मर्यादित करणे

अंतर अपुरे पडल्यास तीन मार्ग असतात. फेझर पूर्णपणे जखडून टाकता येतो, पण मग व्हीव्हीटीसाठी मोजलेली किंमत वाया जाते. दुसऱ्या मार्गात फेझरमध्ये धातूचा अडथळा बसवून त्याची हालचाल कमी करतात. अशा तुकड्यास लिमिटर म्हणतात. तिसरा मार्ग म्हणजे इंजिनाच्या संगणकाला (ईसीयू) ठरावीक अंशांपलीकडे जाऊ नको असे सांगणे. तो स्वस्त आहे, परंतु केवळ त्यावर विसंबणे शहाणपणाचे नाही: ऑइल नियंत्रित करणारी झडप अडकली किंवा फेझर बिघडला, तर संगणकाची आज्ञा पाळली जाईलच असे नाही. धातूचा अडथळा मात्र आज्ञेवर अवलंबून नसतो.

दोन स्वतंत्र कॅमशाफ्टच्या इंजिनात व्हीव्हीटी एक सोय देते. मंद गतीत दोन्ही कॅमशाफ्ट एकमेकांपासून दूर सरकवून ओव्हरलॅप कमी करता येतो, त्यामुळे बराच मोठा कॅमशाफ्टही शांतपणे चालू शकतो. एकाच कॅमशाफ्टवर दोन्ही प्रकारचे लोब असलेल्या इंजिनात हे शक्य नसते. २००७ च्या कॅडिलॅक एस्कलेडमधील ६.२ लिटरचे पुशरॉड व्ही-८ याचे उदाहरण होय. त्यात फेझर सगळेच लोब एकत्र सरकवतो. ओव्हरलॅप धातूत कोरलेला असल्याने तसाच राहतो आणि पुढे नेल्यास चूषण झडप, मागे नेल्यास निष्कास झडप दट्ट्याजवळ येते. २००८ च्या डॉज व्हायपरने कॅमशाफ्टच्या आत दुसरा शाफ्ट घालून ही अडचण सोडवली, पण तो अपवाद.

संगणकाची जुळणी आणि प्रदूषण

नव्या कॅमशाफ्टबरोबर अधिक ताकदीच्या झडप-स्प्रिंगा बहुधा लागतातच. त्याहून महत्त्वाचे म्हणजे संगणकातील इंधन, ठिणगी आणि फेझर यांचे तक्ते नव्याने लिहावे लागतात. हवेचे प्रमाण बदललेले असताना जुने तक्ते ठेवल्यास अपेक्षित वाढ मिळत नाही. तसेच उत्पादकाने तडजोड आधीच सैल केलेली असल्याने, जुन्या स्थिर कॅमशाफ्टच्या इंजिनांत दिसणारी झेप येथे गृहीत धरता येत नाही.

अनेक इंजिनांत निष्कास कॅमशाफ्ट मागे नेऊन थोडा जळालेला वायू मुद्दाम सिलिंडरमध्ये ठेवतात, त्यामुळे नायट्रोजनची ऑक्साइडे घटतात. कॅमशाफ्ट बदलल्यास हा समतोलही ढळतो. कॅलिफोर्नियात अशा भागाला रस्त्यावरील वाहनासाठी तेथील हवा संसाधन मंडळाचा सूट-आदेश लागतो. भारतात पेट्रोल वाहनाच्या पीयूसी चाचणीत मंद गतीवर कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बन मोजले जातात. ओव्हरलॅप वाढल्यावर न जळालेले इंधन सर्वाधिक बाहेर पडते तेही मंद गतीतच.