चेन्नईच्या किनारी सपाटीची चिबड जमीन : गैरसमज आणि वस्तुस्थिती

चेन्नईच्या उत्तरेला पोन्नेरी आणि मिंजूर, दक्षिणेला तिरुप्पोरूर या भागांतली समुद्रालगतची शेतजमीन बरीचशी चिबड आहे. जिच्या मुळांच्या थरातले जास्तीचे पाणी वेळेत निघून जात नाही, त्यामुळे मातीच्या पोकळ्यांत हवेऐवजी पाणीच राहते, ती जमीन चिबड. तिरुवळ्ळूर आणि चेंगलपट्टू जिल्ह्यांतले शेतकरी अशा जमिनीवर पिढ्यान्‌पिढ्या भात पिकवत आले आहेत. तरीही तिच्याविषयी चुकीच्या समजुती पुष्कळ आहेत. त्यांच्यापायी पैसा भलत्या उपायावर खर्च होतो आणि कधीकधी धड असलेली जमीनही बिघडते.

समुद्रकाठची जमीन म्हणजे वाळू, आणि वाळूत पाणी थांबत नाही, ही त्यांतली सर्वांत पसरलेली समजूत. किनाऱ्यावर उभे राहिले की ती खरी वाटते, कारण लाटांनी आणि वाऱ्याने रचलेले वाळूचे उंचवटे किनाऱ्याला समांतर पसरलेले दिसतात. त्यांच्यावर सुरू आणि भुईमूग चांगला येतो. पण उंचवट्यांच्या मागे सखल पट्टे आहेत. कोसस्तलैयार, आरणियार, कूवम, अड्यार आणि पालार या नद्यांच्या पुरांनी आणलेला बारीक गाळ अशा सखल भागांत साठत गेला. त्यामुळे काही अंतरातच वाळू संपून काळी-करडी चिकणमाती लागते. खुद्द शहरातही हाच प्रकार आहे. तिरुवान्मियूर आणि सँथोमकडे वाळू, मांबलम आणि अण्णा नगरकडे चिकणमाती, तर गिंडीकडे थोड्याच खोलीवर कठीण खडक. वाळू असली म्हणजे निचरा असतोच असेही नाही. रेताड मातीत तासाला ३० मिलिमीटरहून जास्त पाणी मुरू शकते, पण मुरलेल्या पाण्याला पुढे जायला जागा हवी. वाळूखाली चिकणमातीचा थर असेल किंवा भूजल हातभर खोलीवर येऊन ठेपले असेल, तर ती वाळूही चिबडच असते.

याच्या उलट, सगळा दोष चिकणमातीच्या माथी मारणेही बरोबर नाही. चिकणमातीत पाणी तासाला जेमतेम एक ते पाच मिलिमीटर मुरते, हे खरे. मात्र तिच्यात पोकळ्या कमी असतात म्हणून असे होत नाही. चिकणमातीतल्या एकूण पोकळ्या वाळूपेक्षा बहुधा जास्तच भरतात. त्या फार बारीक असतात, म्हणून पाणी त्यांत अडकून बसते. पण हीच माती उतारावर असती आणि खाली मोकळी नदी असती, तर ती इतकी तुंबली नसती. चेन्नईची खरी अडचण जागेची आहे. शहराचा बराचसा भाग समुद्रसपाटीपासून दहा मीटरही उंच नाही आणि उतार नावापुरता आहे. वर्षाला पडणाऱ्या सुमारे १४०० मिलिमीटर पावसापैकी निम्म्याहून जास्त पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर या तीन महिन्यांत, ईशान्य मोसमी वाऱ्यांबरोबर येतो. वादळ आले तर त्यातलाही मोठा वाटा दोन-चार दिवसांत कोसळतो.

कोकणातल्या खार जमिनीशी तुलना केली की हा फरक नीट कळतो. मुंबईच्या किनाऱ्यावर उधाणाच्या भरतीत पाण्याची पातळी चार मीटरच्या आसपास चढते-उतरते. त्यामुळे खारबंदिस्तीची उघाडी, म्हणजे बांधातले दार, ओहोटीच्या वेळी उघडली की शेतातले पाणी आपोआप बाहेर पडते. चेन्नईला हा चढउतार मीटरभराचाच आहे. ओहोटीतही समुद्राची पातळी फारशी खाली जात नाही, म्हणून शेतातल्या पाण्याला ओढ मिळत नाही. त्यात किनाऱ्यालगत सरकणारी वाळू कूवम आणि अड्यार यांच्या मुखाशी दांडा घालते आणि पाऊस ओसरला की मुख बुजत जाते. बकिंगहॅम कालवा हा निचऱ्याचा चर आहे असे अनेकांना वाटते. तो एकोणिसाव्या शतकात मालवाहू नावांसाठी टप्प्याटप्प्याने खोदला गेला. तो किनाऱ्याला समांतर आणि जवळजवळ समुद्राच्याच पातळीवर वाहतो, आणि खाडीमुखांतून त्यात भरतीचे खारे पाणी शिरते. पुराचे काही पाणी तो वाहून नेतो, पण लगतच्या शेतातले भूजल खाली खेचण्याची ताकद त्याच्यात नाही.

शेत खणल्यावर निळसर-करडा, कुजक्या अंड्यासारखा वास येणारा चिखल निघाला की माती सडली, मेली असे म्हटले जाते. शहराजवळ असेल तर गटाराचे पाणी मुरले असावे असाही तर्क होतो. सांडपाणी मुरत असेल तर ते वेगळे तपासावे लागते. पण असा रंग आणि वास स्वच्छ पावसाच्या पाण्यानेही तयार होतो. प्राणवायू हवेपेक्षा पाण्यातून सुमारे दहा हजार पट सावकाश पसरतो. शेत पाण्याखाली गेले की मातीतले सूक्ष्मजीव उरलेला प्राणवायू एक-दोन दिवसांत संपवतात. मग श्वसनासाठी ते दुसऱ्या पदार्थांकडे वळतात, तेही ठरलेल्या क्रमाने. आधी नायट्रेट, मग मँगेनीज, मग लोह, त्यानंतर सल्फेट, आणि शेवटी मिथेन वायू तयार होऊ लागतो. लाल-तपकिरी लोहसंयुगे विरघळून गेली की मातीचा मूळ करडा-निळसर रंग उघडा पडतो. वास येतो तो सल्फेटपासून बनलेल्या हायड्रोजन सल्फाइडचा. पाणी उतरले, भेगांतून आणि मुळांच्या वाटांनी हवा आत शिरली की तेच लोह गंजासारखे साकळते आणि करड्या मातीवर नारिंगी ठिपके उठतात. हे ठिपके म्हणजे भूजल कुठवर चढते-उतरते याची मातीनेच ठेवलेली नोंद आहे. सबंध करडा थर बहुतेक वर्षभर पाण्यात असतो. ठिपक्यांचा थर काही काळ भिजतो, काही काळ सुकतो. उन्हाळ्यात शेत कोरडे ठणठणीत असले तरी पावसाळ्यात पाणी कोणत्या खोलीपर्यंत येते, हे एवढ्यावरून सांगता येते.

या बदलांचा अभ्यास तमिळनाडूत फार आधी सुरू झाला, हे आवर्जून सांगायला हवे. मद्रास इलाख्याचे सरकारी कृषी रसायनशास्त्रज्ञ डब्ल्यू. एच. हॅरिसन आणि त्यांचे सहकारी पी. ए. सुब्रमण्य अय्यर यांनी १९१३पासून भातशेतातल्या वायूंवर निबंध प्रसिद्ध केले. चिखलातून निघणाऱ्या वायूत मुख्यतः मिथेन आणि नायट्रोजन असतात, आणि मातीच्या पृष्ठभागावरचा शेवाळाचा पातळ थर प्राणवायू सोडतो, हे त्यांनी दाखवले. भातखाचरातून निघणाऱ्या मिथेनची आज हवामानबदलाच्या संदर्भात जगभर चर्चा होते. तिच्या मुळाशी असलेल्या कामांपैकी हे एक आहे.

पाणी साचल्याने मातीतली सगळी अन्नद्रव्ये वाया जातात, हेही अर्धसत्य आहे. आम्लधर्मी माती बुडाली की तिचा सामू चढतो, विम्लधर्मी मातीचा उतरतो, आणि काही आठवड्यांत दोन्ही साडेसहा-सातच्या आसपास येतात. लोहाने बांधून ठेवलेले स्फुरद मोकळे होते, म्हणून भाताला स्फुरद सुक्या जमिनीपेक्षा सहज मिळते. नत्राचे मात्र उलटे आहे. शेत वरचेवर भिजत-सुकत राहिले तर सुक्या काळात अमोनियाचे नायट्रेट होते आणि पुन्हा पाणी चढताच त्याचा नायट्रोजन वायू होऊन हवेत जातो. जस्तही कमी पडते. रोपे पिवळट पडून पानांवर तांबूस-तपकिरी डाग येतात, म्हणून तमिळनाडूत लागवडीच्या वेळी हेक्टरी २५ किलो झिंक सल्फेट देण्याची शिफारस आहे.

सर्वांत महागात पडणारे गैरसमज मिठाबद्दल आहेत. खारेपणा समुद्राचे पाणी शेतात घुसल्यावरच येतो असे मानले जाते. २६ डिसेंबर २००४च्या त्सुनामीने तमिळनाडूच्या किनाऱ्यावरच्या शेतांत लिटरमागे सुमारे ३५ ग्रॅम क्षार असलेले पाणी खरोखरच ओतले. पण पुढच्या ईशान्य मोसमी पावसाने त्यातल्या बऱ्याच जमिनींतले मीठ धुऊन काढले, रेताड जमिनीतले लवकर, चिकणमातीतले उशिरा. जास्त चिवट मीठ खालून येते. भूजल दीड-दोन मीटरच्या आत असेल तर मार्च ते जूनच्या उन्हात ते केशाकर्षणाने वर चढते, पाणी उडून जाते आणि क्षार वरच्या थरात राहतात. म्हणजे ज्या तुंबलेल्या पाण्याने डिसेंबरात भात बुडतो, तेच मे महिन्यात पांढरा थर आणते.

मिंजूरच्या परिसरात याला माणसाच्या करणीची जोड मिळाली. आरणियार-कोसस्तलैयार खोऱ्यातल्या वाळूच्या थरांमधून शहरासाठी आणि शेतीसाठी इतके पाणी उपसले गेले की गोड्या पाण्याचा दाब कमी झाला आणि समुद्राचे पाणी जमिनीखालून आत सरकले. १९६९च्या सुमारास ते लक्षात आले. पुढच्या दशकांत ही खारी सीमा किनाऱ्यापासून दहा किलोमीटरहून आत गेली. त्या विहिरींचे पाणी शेताला दिले की समुद्राची एकही लाट न येता जमीन खारावते.

दुसरी चूक म्हणजे पांढरा थर दिसला की जिप्सम टाकणे. क्षारयुक्त जमीन आणि चोपण जमीन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि तमिळ शेतकरीही त्यांना उवर आणि कळर अशी निरनिराळी नावे देतो. क्षारयुक्त जमिनीत विद्राव्य क्षार जास्त असतात. मातीच्या संपृक्त अर्काची विद्युतवाहकता ४ डेसिसायमन प्रति मीटरच्या वर जाते, पण मातीची घडण शाबूत असते. तिला गोडे पाणी आणि ते बाहेर न्यायला चर, एवढेच हवे असते. तिथे जिप्सम टाकणे म्हणजे क्षारांत आणखी भर. चोपण जमिनीत मातीच्या कणांना चिकटलेले सोडियम विनिमयक्षम आयनांच्या १५ टक्क्यांहून जास्त असते आणि सामू बहुधा साडेआठच्या वर जातो. तिथे मातीचे कण सुटे होऊन पोकळ्या बुजवतात. जिप्सममधले कॅल्शियम त्या सोडियमची जागा घेते, म्हणून चोपण जमिनीला ते लागू पडते. पण सुटलेले सोडियम पाण्याबरोबर शेताबाहेर गेले तरच. चर नसेल तर जिप्समवरचा खर्च वाया जातो.

भात खारे पाणी सोसतो, ही समजूतही तपासून घ्यावी. विद्युतवाहकता तीनच्या वर गेली की भाताचे उत्पन्न घटू लागते आणि सातच्या आसपास निम्म्यावर येते. उगवताना आणि फुटवे येताना तो बरा टिकतो. कोवळे रोप आणि फुलोरा या दोन अवस्थांत मात्र तो फार नाजूक असतो. केरळचा पोक्काळी, खारभूमी संशोधन केंद्राच्या पनवेल जाती आणि तमिळनाडूच्या टीआरवाय जाती यांनी ही मर्यादा पुढे ढकलली आहे, पण पुसून टाकलेली नाही.

चिकणमातीत वाळू मिसळून निचरा करण्याचा सल्ला कुंडीपुरता ठीक आहे. एक हेक्टर शेताचा वरचा १५ सेंटिमीटर थर म्हणजे १५०० घनमीटर माती. तिचा पोत खरोखर बदलायचा तर शेकडो घनमीटर वाळू लागेल. ती पालारच्या पात्रातून उपसली तर तिथले भूजल खालावेल. एवढे करूनही भूजल वर असेल तर पाणी हलणार नाही. थोडी वाळू टाकली तर तिचे दाणे चिकणमातीत रुतून बसतात आणि सुकल्यावर ढेकळे अधिकच टणक होतात. एरीतला, म्हणजे तलावातला गाळ सगळीकडे घालणेही असेच. पश्चिमेकडच्या हलक्या लाल मातीला तो पाणी धरून ठेवायला मदत करतो. आधीच चिकण असलेल्या सखल शेताला त्याचा उपयोग नाही.

भाताला निचरा नकोच, असे मानले की मग काही करायचेच उरत नाही. भाताच्या खोडातल्या हवेच्या पोकळ्या पानांकडून मुळांना प्राणवायू पुरवतात. उपटलेल्या निरोगी मुळावर दिसणारे नारिंगी लोहाचे आवरण त्याचीच खूण. चिखलणीने तयार होणारा कठीण थर पाणी धरून ठेवतो आणि तो शेतकऱ्याला हवाच असतो. तरीही सल्फाइड साचले तर मुळे काळी पडतात. मंद झिरप आणि मधूनमधून पाणी उतरवणे भातालाही मानवते. सांबा हंगामातल्या भातानंतर उडीद किंवा मूग घ्यायचा असेल तर चिखलणीचा तो थर आणि वाफशाला होणारा उशीर या दोन्ही अडचणी आड येतात. चिकणमाती ओली असताना नांगर घातला तर दोन्ही वाढतात.

सखल दलदल म्हणजे पडीक जागा, ती भरून टाकावी, या कल्पनेची किंमत शेतालाही मोजावी लागते. चेन्नईच्या दक्षिणेची पळ्ळिकरणै दलदल एकेकाळी पाच हजार हेक्टरहून मोठी होती, आज तिचा थोडाच भाग उरला आहे. २०२२मध्ये तिला रामसर स्थळाचा दर्जा मिळाला. वरच्या तलावांच्या साखळीतून उतरणारे पाणी अशा दलदलीत विसावते आणि सावकाश समुद्राकडे जाते. ती बुजली की तेच पाणी वरच्या भागात तुंबते आणि तिथले भूजल चढते.

कोणत्या शेताला यांतले काय लागू आहे, हे मीटरभर खोल खड्डा घेऊन बऱ्यापैकी ठरवता येते. जानेवारीत पाणी किती खोलीवर लागते आणि मे महिन्यात किती, हे पाहावे. करडा रंग कुठून सुरू होतो, ठिपके कुठवर आहेत, वाळूखाली चिकणमातीचा थर आहे का, नांगराच्या तळाशी माती दबली आहे का, हे खड्ड्याच्या भिंतीवर दिसते. मातीचे सुके ढेकूळ पावसाच्या पाण्यात ठेवून दिवसभर न हलवता सोडावे. त्याच्याभोवती पाणी दुधासारखे गढूळ होऊन तसेच राहिले तर सोडियमची शंका घ्यावी आणि प्रयोगशाळेतून सामू, विद्युतवाहकता आणि विनिमयक्षम सोडियम तपासून घ्यावे. पाणी निवळ राहिले आणि विद्युतवाहकता मात्र जास्त निघाली, तर उपाय चर आणि गोडे पाणी यांतच शोधावा. विहिरीचे पाणी मार्चपासून पुढे वेगळे तपासावे, कारण पावसाळ्यात गोड लागणारी विहीर उन्हाळ्याच्या उपशात खारी होऊ शकते.