यात्रा एक, यजमान तीन

महाशिवरात्रीच्या सुमारास मुक्ताईनगरात दिंड्यांची रीघ लागते. खानदेश, विदर्भ आणि शेजारच्या मध्य प्रदेशातून पायी आलेले वारकरी कोथळीच्या जुन्या मंदिरात आणि गावातल्या नव्या मंदिरात मुक्ताईचे दर्शन घेतात, मग चांगदेवला तापी-पूर्णेच्या संगमाकडे वळतात. भाविकाच्या लेखी ही एकच यात्रा. पण वाटेवरचा रस्ता, पाणी, मुक्काम, जेवण, गाडी यांची व्यवस्था वेगवेगळ्या हातांत असते. सरकारी, खासगी आणि स्वयंसेवी अशा तीन प्रकारच्या संस्था मिळून ती सांभाळतात. कोणाचे काम कुठे सुरू होते आणि कुठे संपते, हे कळले की यात्रेतली सोय-गैरसोय दोन्ही उलगडतात.

सरकार म्हणजे एक खाते नव्हे

चांगदेवचे काळ्या पाषाणातले प्राचीन मंदिर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या ताब्यात आहे. १९५८ च्या स्मारक कायद्यात २०१० साली झालेल्या दुरुस्तीनुसार संरक्षित वास्तूच्या हद्दीपासून १०० मीटरपर्यंत नवे बांधकाम करता येत नाही. त्यापुढच्या २०० मीटरमध्ये परवानगी लागते. म्हणजे भाविकांची कितीही निकड असली तरी मंदिराला लागून लॉज उभा राहणार नाही, आणि सरकारलाही तिथे मनाला येईल तसे बांधता येणार नाही. ही अडवणूक नाही. शेकडो वर्षे टिकलेली वास्तू पुढच्या पिढ्यांना दिसावी म्हणून घातलेले हे कुंपण आहे. वाहनतळाची आणि स्वच्छतागृहांची जागा मात्र त्यामुळे दूर धरावी लागते, आणि तिथून मंदिरापर्यंतच्या सावलीचा आणि पाण्याचाही विचार आधीच करावा लागतो.

संगमावरचे पाणी हतनूर धरणाचा फुगवटा. धरणाचे ४१ दरवाजे कधी आणि किती उघडायचे हे जलसंपदा विभाग ठरवतो. मुक्ताईनगरवरून जाणारा राष्ट्रीय महामार्ग ५३ केंद्राचा, जादा गाड्या सोडणारी एसटी राज्याची. मुक्ताईनगरात पाणी आणि झाडलोट नगरपंचायतीकडे, तर चांगदेवला ग्रामपंचायतीकडे. बंदोबस्त पोलिसांचा, आरोग्य पथक जिल्हा परिषदेचे.

यात ज्यांच्या नावातच पर्यटन आहे त्या संस्था फार थोड्या. १९७५ साली स्थापन झालेले महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळ निवासस्थाने चालवते. अजिंठ्याच्या पायथ्याशी फर्दापूरला त्याचे निवास आहे. धोरण, नोंदणी आणि प्रसिद्धीचे काम पर्यटन संचालनालय पाहते.

सरकारी पैसा मंजुरीने येतो आणि त्याचे वर्ष ३१ मार्चला संपते. महाशिवरात्र फेब्रुवारी-मार्चमध्ये, म्हणजे वर्षअखेरीच्या धावपळीतच पडते. यात्रेची कामे यात्रेच्या तोंडावर काढली की ती उरकली जातात, नीट होत नाहीत. म्हणून त्यांची आखणी आदल्या पावसाळ्यातच व्हायला हवी.

खासगी हातांचे बळ

मागणी दिसली की खासगी माणूस वाट पाहत बसत नाही. यात्रेच्या आदल्या रात्री फुलहार, प्रसाद, खेळणी, भांडी यांच्या दुकानांची रांग लागते, पाळणे उभे राहतात, शेवभाजीच्या कढया चढतात. काळीपिवळीवाला एसटीच्या दोन फेऱ्यांमधली वेळ भरून काढतो. हा वेग सरकारला जमणार नाही. पण या धंद्याचे गणित गिऱ्हाइकावर चालते. गर्दी ओसरली की दुकान उठते आणि मागे राहिलेला कचरा नगरपंचायतीच्या अंगावर पडतो.

वर्षभर टिकणारा धंदा हवा तर पाहुणा एक रात्र तरी राहिला पाहिजे. राज्याचे कृषी पर्यटन धोरण २०२० साली आले. आपल्या शेतावर पाहुणे ठेवणाऱ्या शेतकऱ्याला त्यातून नोंदणीची वाट मिळाली. केळीच्या बागा, हिवाळ्यात वांग्याचे भरीत आणि कळण्याची भाकरी, पाहुण्यांना वरण-बट्टी: या भागातल्या शेतकरी कुटुंबाकडे दाखवण्या-खिलवण्यासारखे खूप आहे.

नफ्याविना चालणारी यंत्रणा

परंपरेनुसार १२९७ साली संत मुक्ताई याच परिसरात अंतर्धान पावल्या. त्यांचा वारसा संत मुक्ताई संस्थान सांभाळते. अशा धर्मादाय न्यासाला दानातून आलेला पैसा वाटून घेता येत नाही. तो न्यासाच्या उद्देशावरच खर्चावा लागतो आणि हिशेब धर्मादाय आयुक्तांकडे जातो.

या यंत्रणेची ताकद आषाढी वारीत दिसते. ज्येष्ठात निघालेली मुक्ताईंची पालखी बुलढाणा, जालना, बीड असे जिल्हे ओलांडत सुमारे महिनाभर चालून पंढरपूरला पोचते. मानाच्या सात पालख्यांत तिची गणना होते. रोजचा मुक्काम आधी ठरलेला. सामानाचा ट्रक पुढे जातो, पाण्याचा टँकर सोबत असतो, सकाळचा चहा एका गावाकडे, दुपारची पंगत दुसऱ्या गावाकडे. हे निविदा काढून होत नाही, पिढ्यानपिढ्यांच्या शब्दावर होते. तरीही या शब्दाला कधी सरकारी हाताची गरज पडते. २०२० साली करोनामुळे पायी वारी थांबली, तेव्हा पादुका एसटीनेच पंढरपूरला गेल्या.

स्वयंसेवी काम देवळापुरतेही नाही. हतनूरच्या जलाशयावर हिवाळ्यात येणाऱ्या पाणपक्ष्यांच्या नोंदी वरणगावची चातक निसर्ग संवर्धन संस्था ठेवते. जलाशय जलसंपदा विभागाचा, पण तिथे काय जपायचे हे सांगणारी नजर या मंडळींची.

सांधा कुठे निखळतो

तिघेही आपापले काम करत असताना गैरसोय होते ती दोन कामांच्या मधल्या जागेत. सरकारी निधीतून स्वच्छतागृह बांधले जाते, उद्घाटन होते. पुढे पाण्याची टाकी कोणी भरायची, वीजबिल कोणी द्यायचे, सफाई कामगाराचा पगार कोणाकडून, हे कागदावर नसते. काही महिन्यांत दाराला कुलूप लागते आणि दुरून आलेल्या बायाबापड्यांचे हाल होतात. इथे सगळ्यांत मोठी गरज बांधकामाची नाही, निगेची आहे.

म्हणून कोणत्याही यात्रास्थळी नवी सोय मंजूर होण्याआधी तीन प्रश्न ग्रामसभेत किंवा नगरपंचायतीच्या सभेत विचारावेत: जागा कोणाची, बांधण्याचा पैसा कोणाचा, आणि रोजची निगा कोणाची? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे बहुधा फायलीत मिळतात. तिसऱ्याचे मिळवावे लागते. यात्रेपुरते संस्थानचे सेवेकरी, एरवी पैसे घेऊन चालवणारा स्थानिक बचतगट आणि पाण्याची हमी देणारी नगरपंचायत, अशी वाटणी करता येते. ती ठरावात लिहून घ्यावी आणि संबंधितांची नावे दारावरच्या फलकावर लावावीत. निधी देणाऱ्याचे नाव फलकावर असतेच. रोज झाडणाऱ्याचे आणि त्याला पगार देणाऱ्याचेही असावे, म्हणजे तक्रार कोणाकडे करायची हे भाविकाला लगेच कळेल.