तीन बोटांचा टी-रेक्स

आमच्या घरात फडक्यांच्या गाठोड्यात जाण्यापासून एक काळा टी-शर्ट मी आजवर चार वेळा वाचवला आहे. गळा सैल पडलाय, छापा आटलेल्या तळ्याच्या चिखलासारखा भेगाळलाय, धुऊन धुऊन काळा रंग राखाडी झालाय. छातीवर लाल चकती, तिच्यात टिरॅनोसॉरस रेक्सचा, म्हणजे सगळ्यांच्या लाडक्या टी-रेक्सचा सांगाडा आणि खाली इंग्रजीत ‘ज्युरासिक पार्क’. कॉलेजात असताना रस्त्यावरच्या एका पथारीवरून घासाघीस करून घेतलेला. त्यामुळे ‘ज्युरासिक’मध्ये एक ‘आर’ जास्तीचा आहे आणि डायनोसॉरच्या हाताला तीन बोटं आहेत.

स्पेलिंग फारसं कुणाच्या लक्षात आलं नाही. बोटं मात्र माझ्यासारख्याच एका डायनोसॉरवेड्या मित्राने पहिल्याच दिवशी कँटीनमध्ये मोजली. “अरे येड्या, टी-रेक्सला दोनच बोटं असतात! गंडवलं तुला.” मग कित्येक दिवस तो शर्ट मी घरातच घातला. पुढे वाचताना कळलं की ही चूक मोठ्या घराण्यातली आहे. पथारीवाल्याच्या कितीतरी आधी जगातल्या एका नामांकित संग्रहालयाने ती दिमाखात मांडून ठेवली होती.

छातीवरची हाडं कुणाची?

टी-शर्टवरचा सांगाडा कुणा चित्रकाराने मनाने काढलेला नाही. तो एका खऱ्या प्राण्याचा आहे आणि त्याचा पत्ताही ठाऊक आहे : अमेरिकन म्युझियम ऑफ नॅचरल हिस्टरी, न्यूयॉर्क, नमुना क्रमांक ५०२७.

१९०८ साली बार्नम ब्राउन या जीवाश्मशोधकाला अमेरिकेतल्या मोंटाना राज्यात हा सांगाडा मिळाला. याआधी १९०२ मध्ये ब्राउननेच मोंटानात शोधलेल्या हाडांवरून हेन्री ऑस्बॉर्न यांनी १९०५ साली ‘टिरॅनोसॉरस रेक्स’ हे नाव ठेवलं होतं. नव्या नमुन्याची कवटी तर अप्रतिम होती. मान, पाठीचे मणके, बरगड्या, कंबरही मिळाली. मिळाले नाहीत ते हात आणि पाय. १९१५ मध्ये सांगाडा लोकांसाठी उभा केला तेव्हा पाय आधीच्या नमुन्यावरून बेतले. हातांचं काय करायचं? ॲलोसॉरस या जुन्या मांसाहारी डायनोसॉरला तीन बोटं होती, म्हणून टी-रेक्सलाही तीन बोटं बसवली. खरं तर १९१४ मध्येच लॉरेन्स लँब यांनी टी-रेक्सच्या जवळच्या नात्यातल्या गॉर्गोसॉरसचे दोन बोटांचे हात वर्णिले होते. पण टी-रेक्सचा स्वतःचा पूर्ण हात ओळखला जायला १९८९ साल उजाडावं लागलं.

मधल्या काळात तीन बोटांचा टी-रेक्स जगभर हिंडून आला. डिस्नेच्या १९४० च्या ‘फँटेशिया’तही तो तीन बोटं घेऊनच लढतो. संग्रहालयातल्या सांगाड्याची उभं राहण्याची ढबही तशीच चुकीची होती. शेपूट जमिनीवर टेकवून कांगारूसारखा ताठ उभा. प्रत्यक्षात टी-रेक्सचं शरीर कंबरेवर तोललेलं होतं. पुढे जड डोकं, मागे जड शेपूट, जणू बागेतला सी-सॉ. डायनोसॉरांच्या पाऊलखुणांच्या मागे शेपूट फरपटल्याचे ओरखडे क्वचितच दिसतात, हा त्याचा साधा पुरावा. १९९० च्या दशकात न्यूयॉर्कच्या सांगाड्याची हाडं उतरवून तो आडव्या पाठीचा करून पुन्हा उभारला गेला.

तर हा सांगाडा माझ्या छातीवर आला कसा? मायकल क्रायटन यांची ‘ज्युरासिक पार्क’ ही कादंबरी १९९० साली निघाली. तिच्या मुखपृष्ठाचं काम चिप किड या तरुण चित्रकाराकडे होतं. तो संग्रहालयात गेला, तिथल्या दुकानातून एक पुस्तक घेतलं, त्यातल्या टी-रेक्सच्या आकृतीवर ट्रेसिंग पेपर ठेवला आणि पेनाने गिरवत गेला. तेच चित्र सिनेमावाल्यांनी हक्क घेऊन बोधचिन्हासाठी वापरलं. हाडावरून आकृती, आकृतीवरून मुखपृष्ठ, मुखपृष्ठावरून पोस्टर, पोस्टरवरून टी-शर्ट, आणि त्या टी-शर्टावरून पथारीवरचा टी-शर्ट. नकलेची नक्कल करताना चुका शिरायच्याच. सजीवांच्या पेशीत डीएनएची प्रत निघतानाही हेच होतं. बहुतेक चुका कुणाला जाणवत नाहीत, काही मारक ठरतात, एखादी फायद्याची निघते. माझ्या टी-शर्टातला जादा ‘आर’ पहिल्या जातीचा. तिसऱ्या बोटाचं प्रकरण मात्र वेगळं निघालं. त्याच्याकडे शेवटी येतो.

पंधरा मिनिटांचं गारुड

स्टीव्हन स्पीलबर्गचा सिनेमा १९९३ मध्ये आला आणि १९९४ मध्ये हिंदी बोलत आपल्याकडे पोचला. दोन तासांहून थोड्या जास्त लांबीच्या खेळात डायनोसॉर पडद्यावर असतात ते जेमतेम पंधरा मिनिटं. त्यातलाही संगणकाचा वाटा निम्म्याहून कमी. बाकीचं काम स्टॅन विन्स्टन यांच्या चमूने बनवलेल्या यांत्रिक प्राण्यांनी केलं. टी-रेक्सच्या डरकाळीत हत्तीच्या पिल्लाचा चीत्कार, वाघ आणि मगर मिसळलेली आहेत. आणि रॅप्टर, म्हणजे सिनेमातले व्हेलोसिरॅप्टर, एकमेकांना साद घालतात तो आवाज समागमात रमलेल्या कासवांचा! हे कळल्यापासून ते मुलांना हुडकत येतात तो स्वयंपाकघरातला जीवघेणा प्रसंग मला धड घाबरवेनासा झालाय.

सिनेमातल्या चुका काढणं हा चाहत्यांचा आवडता उद्योग. मीही त्यात मागे नाही. टी-रेक्स ज्युरासिक काळातला नव्हेच. तो त्यानंतरच्या क्रेटेशियस काळाच्या अगदी अखेरीचा, सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी संपलेला. सिनेमात डायनोसॉर घडवतात ते अंबरात, म्हणजे झाडाच्या दगड झालेल्या चिकात, अडकलेल्या डासाच्या पोटातल्या रक्तातल्या डीएनएवरून, आणि तो अंबर निघतो डॉमिनिकन रिपब्लिकच्या खाणीतून. तिथला अंबर डायनोसॉर संपल्यावर चार-पाच कोटी वर्षांनी तयार झाला. त्या डासाच्या पोटात डायनोसॉरचं रक्त यायचं कुठून? बरं, अंबर योग्य काळातला मिळाला तरी डीएनए टिकत नाही. न्यूझीलंडच्या मोआ या नामशेष पक्ष्याच्या हाडांवरून २०१२ मध्ये हिशोब मांडला गेला : त्या हाडांत डीएनएचे निम्मे बंध तुटायला ५२१ वर्षं पुरतात. पुढच्या तेवढ्याच वर्षांत उरलेल्यातले निम्मे. गोठणबिंदूखालच्या थंडीत हा वेग बराच मंदावतो; ग्रीनलंडमध्ये २० लाख वर्षांपूर्वीच्या डीएनएचे तुकडे मिळाले आहेत. पण साडेसहा कोटी हा आकडा तिथूनही फार दूर आहे.

आणि तो व्हेलोसिरॅप्टर! मंगोलियातला खरा व्हेलोसिरॅप्टर शेपटीसकट दोन मीटर लांब आणि उंचीला टर्की कोंबड्याएवढा. सिनेमातला माणसाएवढा प्राणी वस्तुतः डायनोनिकस या अमेरिकन भावंडावर बेतलेला. ग्रेगरी पॉल यांनी १९८८ च्या पुस्तकात डायनोनिकसला व्हेलोसिरॅप्टरच्याच वंशात घातलं होतं, क्रायटन यांनी ते नाव उचललं. २००७ मध्ये व्हेलोसिरॅप्टरच्या हाताच्या हाडावर ओळीने बारीक उंचवटे सापडले. पक्ष्यांच्या हाडांवर मोठी पिसं जिथे घट्ट रोवलेली असतात, तिथे असेच उंचवटे असतात. म्हणजे खऱ्या व्हेलोसिरॅप्टरच्या हातांना पिसं होती. टी-शर्टांवर मात्र तो अजून सरड्याच्या कातडीत फिरतो. पिसांचा व्हेलोसिरॅप्टर अंगात घातला तर लोक विचारतील, “कोंबडीचं दुकान काढलंस का?”

तरीही या सिनेमाला नुसतं चुकांचं गाठोडं म्हणणं कृतघ्नपणा होईल. जॉन ऑस्ट्रॉम यांनी १९६९ मध्ये डायनोनिकसचं वर्णन केलं तेव्हापासून अभ्यासक सांगत होते, की डायनोसॉर सुस्त, थंड, शेपूट ओढणारे सरडे नव्हते. चपळ होते, आणि पक्षी त्यांचेच वंशज आहेत. शोधनिबंधांतली ती गोष्ट सामान्य माणसाच्या डोळ्यांत एका रात्रीत उतरवली ती या पंधरा मिनिटांनी.

उसनवारी दोन्हीकडून

सिनेमा विज्ञानाकडून घेतो हे आपण धरूनच चालतो. विज्ञानानेही उलट उसनवारी केलेली आहे. चीनच्या शिनजियांगमध्ये सापडलेल्या एका चिलखती डायनोसॉरचं १९९३ मधलं नाव पाहा : तियानचीसॉरस नेडेगोअपेफेरिमा. मंत्रासारखं वाटणारं हे दुसरं पद म्हणजे नील, डर्न, गोल्डब्लम, ॲटनबरो, पेक, फेरेरो, रिचर्ड्स, मॅझेलो या ‘ज्युरासिक पार्क’मधल्या कलावंतांच्या आडनावांच्या आद्याक्षरांची माळ. स्पीलबर्गने चीनमधल्या डायनोसॉर संशोधनाला पैसे दिले होते, त्याची ही पोचपावती.

दुसरा किस्सा गॅरी लार्सन यांच्या व्यंगचित्राचा. १९८२ च्या या चित्रात एक गुहामानव स्टेगोसॉरसच्या शेपटीवरचे काटे दाखवून व्याख्यान देतोय, आणि त्या काट्यांना त्यांनीच ज्याचा बळी घेतला त्या थॅग सिमन्सच्या स्मरणार्थ ‘थॅगोमायझर’ म्हणतोय. या अवयवाला शास्त्रात नावच नव्हतं. १९९३ मध्ये केनेथ कारपेंटर यांनी एका परिषदेत हाच शब्द वापरला आणि तो रूढ झाला. टिंगलीतून निघालेला शब्द आता शोधनिबंधात बसलाय.

चंद्रपूरचा बिनडोक्याचा

हे सगळं पाठ असलेल्या मला मागच्या सुट्टीत आठ वर्षांच्या भाचीने निरुत्तर केलं. “मामा, महाराष्ट्रातल्या डायनोसॉरचा टी-शर्ट का नाही मिळत?”

डायनोसॉर तर आहे. चंद्रपूर जिल्ह्यातल्या डोंगरगावला १९८४ ते १९८६ या काळात तो सापडला. कोलकात्याच्या इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटचे सोहनलाल जैन आणि शाश्वती बंद्योपाध्याय यांनी १९९७ मध्ये त्याचं वर्णन केलं. आज त्याचं नाव आहे आयसीसॉरस. कुकरवरच्या आयएसआय छापाशी याचा संबंध नाही. नावातलं ‘आयएसआय’ त्या संस्थेचं. संख्याशास्त्राची संस्था हाडं का उकरते, असं वाटेल. पण तिचे संस्थापक महालनोबिस यांनी भूविज्ञानालाही तिथे जागा दिली होती.

आयसीसॉरस सुमारे अठरा मीटर लांब, शाकाहारी. ज्या काळ्या पाषाणात वेरूळची लेणी कोरली गेली, तो पाषाण लाव्हा होऊन वाहू लागला त्या सुमारास हे प्राणी विदर्भात चरत होते. काय चरत होते, तेही ठाऊक आहे. डोंगरगावजवळच्या पिसदुऱ्याला डायनोसॉरांच्या शेणाचे दगड झालेले गोळे मिळतात. नागपूरच्या ज्या स्टीफन हिस्लॉपच्या नावाने कॉलेज आहे, त्यानेच एकोणिसाव्या शतकात पिसदुऱ्याचे जीवाश्म जगापुढे आणले. लखनौच्या बिरबल साहनी संस्थेतल्या वंदना प्रसाद आणि सहकाऱ्यांनी ते शेण तपासलं, तेव्हा त्यात गवताच्या पेशींत घडलेले सिलिकाचे सूक्ष्म कण निघाले. डायनोसॉरांच्या काळात गवत नव्हतंच, अशी तोवरची समजूत. २००५ मध्ये ती चंद्रपूरच्या शेणाने मोडली. सिनेमातली संशोधक डॉक्टर सॅटलर ट्रायसेराटॉप्सच्या शेणाच्या ढिगात कोपरापर्यंत हात घालते, त्यावर आपण हसलो होतो. शास्त्र खरंच असं चालतं.

मग टी-शर्ट का नाही? मी भाचीला आयसीसॉरसच्या सांगाड्याची आकृती दाखवली. तिने क्षणभर पाहिलं. “याचं डोकं कुठंय?”

तिथेच तर घोडं अडलंय. मान, पाठ, कंबर, शेपूट, पुढचा पाय, सगळं मिळालं. कवटी आणि मागचे पाय मिळाले नाहीत. न्यूयॉर्कच्या ५०२७ ला डोकं होतं, हातपाय नव्हते. आपल्या गड्याला हात आहे, डोकं नाही. आणि डोकं नसलेला प्राणी छातीवर छापून कोण विकेल?

आम्ही दोघांनी मिळून उपाय काढला. पांढरा टी-शर्ट आणला, कापडावरचे रंग आणले. सापडलेली हाडं तिने काळ्या रंगाने भरली. न सापडलेल्या जागी नुसत्या तुटक रेषा. “डोकं आपल्या मनाने काढू ना,” ती म्हणाली. “हत्तीसारखं?” तेव्हा मी जुना टी-शर्ट काढला, तिला तिसरं बोट दाखवलं आणि १९१५ ची गोष्ट सांगितली.

तिसऱ्या बोटाचं उरलेलं इथेच सांगून टाकतो. २००६ मध्ये चीनमधून ग्वानलाँग या प्राण्याचं वर्णन झालं. जेमतेम तीन मीटर लांब, टी-रेक्सच्याच कुळातला, त्याच्याहून नऊ-दहा कोटी वर्षं जुना. हा मात्र खरोखरचा ज्युरासिक काळातला, आणि याच्या हाताला बोटं तीन. म्हणजे ‘ज्युरासिक’ या शब्दावर तीन बोटांचा टी-रेक्सवंशीय छापणारा माझा पथारीवाला मूळ बोधचिन्हापेक्षा शास्त्राच्या जवळ गेला होता, स्वतःला नकळत! मित्राला लगेच कळवलं. त्याचं उत्तर आलं, “आणि तो जास्तीचा आर?”

भाची तो पांढरा टी-शर्ट घालून शाळेच्या सहलीला गेली. कुणीतरी विचारलंच, डोकं काढायचं विसरलीस का? ती म्हणाली, “विसरले नाही. चंद्रपूरला आहे, अजून सापडायचंय.”